आत असलेल्याला न काढता

लक्ष्मीपुरी, कोल्हापूर
१० फेब्रुवारी २००३

शिवाण्णा,

नमस्कार. हा पद्धतीचा आहे, मनापासूनचा नाही. बंगळुरात जाऊन विसरला असशील तर सांगते, मी रक्षिता, तुझी धाकटी बहीण. तुझा मोबाईल नंबर बदललाय. ऑफिसच्या नंबरावर एक बाई इंग्रजीतून थांबायला सांगते आणि गाणं लावून निघून जाते. एसटीडी बूथवर पैसे मोजून तुझ्या कंपनीचं गाणं ऐकायची मला हौस नाही, म्हणून पत्र. पत्ता अव्वानं दिला. आईच ती, तिच्याकडे तो कुठून आला हे मी विचारलं नाही.

काम आहे म्हणून लिहितेय, आठवण आली म्हणून नाही.

गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत प्रेसमधले सगळे कॉम्प्युटर एकदम सर्व्हरपासून तुटले. वीज गेली नव्हती. पंखा फिरत होता, पलीकडे छपाईचं मशीन धडधडत होतं. थोड्या वेळानं आपलं आपण सगळं सुरू झालं, जसं काही घडलंच नाही. पण तेवढ्यात हंबीरमामांची फाइल मेली. पानं लावायचा पेजमेकर ती उघडायलाच तयार नाही. शाहूवाडीच्या गणपतराव डॉक्टरांचं ‘म्हशींचे आजार’ हे पुस्तक मामा गेले कित्येक दिवस लावत होते. जुनी प्रत सापडली, तिच्यात निम्मंच पुस्तक आहे. पुढचं, खुरांपर्यंतचं सगळं गेलं. आता मामा पुन्हा कासदाहापासून टाइप करतायत आणि कुणाशी बोलत नाहीत.

तू म्हणशील, जेवायला जाताना फाइल बंद करायला काय होतं? असं म्हणणार असशील तर तू आपल्या प्रेसमध्ये वाढलास हे खरं नाही. जुळलेलं पान छापून हातात आल्याशिवाय शिशाचे खिळे सोडायचे नाहीत, हे मामांनी तुला नि मला दोघांना सांगितलेलं. खिळे वितळायला गेले, ट्रेडल मशीन भंगारात गेलं, मामा या वयात जुळाऱ्याचे डीटीपी ऑपरेटर झाले, पण पद्धत तीच राहिली. मामा, बाळाबाई, सगळेच एकदा फाइल उघडली की काम छापून होईपर्यंत बंद करत नाहीत. रात्री घरी जाताना पडद्यावर फडकं टाकतात आणि जातात. अप्पांनी एवढ्यासाठी जनरेटर घेतला. आपल्या सर्व्हरवर कुणी नाही, अशी वेळच येत नाही. रविवारीसुद्धा फडक्याखाली सगळे हजर असतात.

आता माझं ऐक. सगळं तुटलं तेव्हा मी मागं, सर्व्हरच्या खोलीत होते. डबा खात होते.

अप्पा धावत आले. “आत काय करालतीस?”

“जेवालते.”

“सर्व्हरपाशी?”

“तिथं पंखा हाय.”

“पंखा हाय म्हणं! मामाचं पुस्तक गेलं तिकडं. आजपास्नं त्या पेटीला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो.”

सगळ्यांसमोर बोलले. बाळाबाईंनी मान खाली घातली, ते मला जास्त लागलं. मी काही केलं नव्हतं, अण्णा. भाकरीचा तुकडा मोडत होते. पण हे कुणाला पटवून देऊ? सर्व्हर कशानं तुटला हे मलाच माहीत नाही.

आणि ही वेळ पेटीला हात न लावण्याची नाही. लग्नपत्रिकांचं काम गेल्या वर्षीच्या अर्ध्यावर आलंय. दोन वर्षांपूर्वी तुम्ही बापलेक भांडलात. तू मोठ्या आवाजात सांगत होतास, माणसं कमी करा, आणि अप्पा त्याहून मोठ्या आवाजात तुला जा म्हणाले. तू गेलास. माणसं राहिली. त्यांना पोसायचं तर मोठं काम हवं, आणि ते दारात आलंय. एका शिक्षण संस्थेच्या सगळ्या शाळांच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. गेल्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी प्रेसमधून त्यांचा गणिताचा पेपर बाहेर पडला, म्हणून ते आपल्याकडे आले. त्यांच्या प्रियदर्शनी मॅडमची एकच अट आहे. प्रश्नपत्रिकांचं फोल्डर कुलूपबंद हवं. फक्त मी आणि हंबीरमामा, तिसऱ्या कुणाला ते दिसताही कामा नये. मार्चच्या मध्यावर त्या बघायला येतील. पटलं तर काम आपलं. नाही पटलं, तर तू सांगून थकलास ते अप्पांना करावं लागेल, आणि ते त्यांना जमणार नाही. प्रेसला कुलूप लावतील, पण मामांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणणार नाहीत.

तू बसवलेल्या सर्व्हरवर सगळ्यांना सगळं दिसतं. घरात कुलपं कशाला, असं तू म्हणायचास. बरोबर आहे, तुला घर सोडायचंच होतं.

मला एकच सांग. आत बसलेल्या एकाही माणसाला न तोडता सेटिंग बदलता येते का? येत असेल तर कशी? बाकी काही लिहू नकोस. कसा आहेस वगैरे मी विचारत नाही, तूही विचारू नकोस.

अप्पा तुझं नाव काढत नाहीत.

रक्षिता


लक्ष्मीपुरी
१९ फेब्रुवारी २००३

शिवाण्णा,

उत्तर नाही. येईल असं वाटलं हा माझा गाढवपणा. अप्पा पोस्टमन आला की बाहेर जाऊन उभे राहतात. कागदवाल्याचं बिल यायचं असेल.

तुझ्यावर चिडायचं की टेलिफोनवाल्यांवर, असा प्रश्न पडलाय, म्हणून दोघांवर चिडते. आपल्या फॅक्सच्या लाईनला काहीतरी झालंय. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, “अहो, मी दुपारी फॅक्स लावतेय, लावतेय, तुमचा नंबर सारखा एंगेज. तुमच्याकडं फोनवर बसायला माणूस हाय की न्हाय?” मी म्हटलं, दुपारी आम्ही सगळे जेवायला असतो, फोनला कुणी हात लावत नाही. त्या म्हणाल्या, “मग एंगेज कसा लागतोय?”  पेपर सांभाळणार म्हणून यांच्यापुढं छाती काढली, आणि इथं एक फोन सांभाळता येत नाही.

टेलिफोनचा लाईनमन बोलावला. त्यानं तार तपासली, डबी उघडली, खांबावर चढून आला, चहा घेतला.

“लाईन एकदम झकास हाय.”

“मग दुपारी एंगेज का?”

“कोणतरी बोलत असंल की, ताई.”

“कोण? सगळे जेवायला असतात.”

“त्ये मी कसं सांगू? तुमच्या घरातलं तुम्हाला ठावं.”

म्हणाला आणि सायकलवर टांग मारून गेला. माझ्या डोक्याचा भुगा झाला.

आता दुसरं. तू सांगणार नाहीस हे कळल्यावर मी स्वतःच शोधायला बसले. अप्पा कागद आणायला गेले की मागच्या खोलीत जाते. तुझा पहिला कॉम्प्युटर तिथं रद्दीखाली पडला होता, तो पुसून चालू केला. त्याच्यावर तोच सर्व्हर बसवला. पेटीला हात लावायचा नाही असं अप्पा म्हणाले, दुसऱ्या पेटीबद्दल काही म्हणाले नाहीत. सर्व्हरच्या आतच त्याची इंग्रजी माहिती असते. तू आम्हाला कधी दाखवली नाहीस. एका बाजूला शब्दकोश घेऊन मी ती वाचली. इंग्रजी असं की एका वाक्यात तीन वेळा ‘नाही’, आणि शेवटी अर्थ ‘हो’.

पण सापडलं, अण्णा. सर्व्हर बंद करून चालू करायची गरजच नाही. त्याचे सगळे नियम एका फाइलमध्ये लिहिलेले असतात, आणि ती फाइल बदलली की तो थोड्या वेळानं आपणहून पुन्हा वाचतो. नवीन येणाऱ्याला नवा नियम. आधीपासून आत बसलेल्याला जुनाच. आत बसलेला आपण होऊन बाहेर जाईपर्यंत त्याला धक्का लागत नाही. हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठून एक फेरी मारली. एवढंच होतं! एवढंच तू एका पोस्टकार्डावर लिहू शकत होतास!

अर्थात त्यात खाचाखोचा आहेत. अर्धवट लिहून सेव्ह केलं तर तो अर्धवटच वाचतो, आणि मग काय गोंधळ घालेल सांगता येत नाही. मी जुन्या कॉम्प्युटरवर मुद्दाम एक कंस चुकवून बघितला. एक अख्खं फोल्डर गायब. म्हणून आधी नकलेवर लिहायचं, ती तपासून घ्यायची, मग एकदम जागेवर ठेवायची. दुसरं असं की ज्यांच्याकडे जुनं फोल्डर उघडं आहे त्यांना ते तसंच दिसत राहणार. म्हणून जुन्याला कुलूप घालण्यात अर्थ नाही. प्रश्नपत्रिकांसाठी नवंच फोल्डर करायचं. त्यात कुणी आत नसतं, मग कुणाला काढायचा प्रश्न नाही.

तरी एकदा हंबीरमामांना विचारून बघितलं. “मामा, बदल करायच्या वेळी जरा फाइल बंद करून बसाल का? तेवढीच काळजी नको.”

मामांनी चष्म्यावरून बघितलं. “छापलीया?”

“नाही अजून.”

“मग कशी बंद करू?”

“सेव्ह केलेली असते मामा. बंद केली तरी जात नाही.”

“परवा सेवच केल्ती की. कुठं गेली?”

 याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव.

प्रियदर्शनी मॅडम पुढच्या महिन्यात यायच्या आहेत. फोनवर म्हणाल्या, बाहेरून कुणी तुमच्या सर्व्हरमध्ये येऊ शकत नाही ना, तेवढं लिहून द्यायला लागेल. मी म्हटलं, छे हो, इंटरनेटसुद्धा दुसऱ्या कॉम्प्युटरवर आहे, तोही दिवसातून एकदा लावतो. दोन वर्षं हा सर्व्हर मी एकटी सांभाळतेय, मला माहीत आहे.

बघ, माझं मी करतेय. तुझी गरज आहे असं समजू नकोस.

रक्षिता


लक्ष्मीपुरी
२८ फेब्रुवारी २००३

शिवप्रसाद,

अण्णा म्हणायची इच्छा नाही.

आधी चांगलं सांगते, कारण ते ऐकायला दुसरं कुणी नाही. बुधवारी सकाळी, भर कामाच्या वेळेत, मी नवं फोल्डर केलं. अप्पांना आधी सांगितलं. ते म्हणाले, “पुन्ना मामाचं गेलं तर?” मी म्हटलं, गेलं तर मी प्रेसमध्ये पाऊल टाकणार नाही. मग ते माझ्या पाठीमागं उभे राहिले, छातीवर हाताची घडी, तंबाखू न खाता. मी नक्कल तपासली, पुन्हा तपासली, आणि ठेवली जागेवर. आम्ही दोघं बाहेर येऊन बघत बसलो. बाळाबाई बारशाच्या पत्रिकेला वेलबुट्टी लावत होत्या. मामा म्हशीच्या लाळ्या-खुरकतीवर आले होते, त्यांची बोटं थांबली नाहीत. कुणी मान वर केली नाही. अप्पांनी विचारलं, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” “काय झालं?” “काही नाही झालं, तेच झालं.”

असलं काम आहे हे. बिघडलं तर सगळ्यांना कळतं, नीट झालं तर कुणालाच नाही. शाबासकी मागायला जायचं तरी कुणाकडं? मला खरं तर तुला सांगायचं होतं.

आणि मग कालचा गुरुवार उजाडला.

लाईनमनचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. कोणतरी बोलत असंल. काल सगळे जेवायला बसल्यावर मी डबा घेऊन मागच्या खोलीत, सर्व्हरपाशी गेले. फॅक्सच्या लाईनवर रिंग वाजायला लागली. मुद्दाम उचलली नाही. वाजत राहिली, वाजत राहिली, आणि कागदाच्या रिमांमागून किंचाळल्यासारखा आवाज आला. मी घाबरून रिमं बाजूला ओढली. मागं तुझा मोडेम. धुळीनं भरलेला, लाल दिवे लुकलुकतायत. दोन वर्षं त्या रिमांवर मी पाठ टेकून जेवतेय, आणि हा आवाज फॅक्सचाच समजत आले.

सर्व्हरच्या पडद्यावर पाहिलं तर आत तू. तुझं नाव, तुझं जुनं खातं. फोनवरून थेट आपल्या सर्व्हरमध्ये. आधी ‘सामाईक’ फोल्डर उघडलंस. मग जुना कचरा पुसलास. जागा किती उरली ते बघितलंस. एखादा पाहुणा न बोलावता येतो आणि तुमच्या स्वयंपाकघरात भांडी घासून जातो, तसा. मी तुझ्या मागं उभी राहून बघत होते आणि तुला पत्ता नव्हता. माझे हात कीबोर्डवर होते. एक ओळ टाइप केली असती तर तू बाहेर पडला असतास. मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू.

तू गेल्यावर मी सर्व्हरची मागची सगळी नोंद वाचली. दर गुरुवारी येतोस. सुट्टी असेल तुझी. जेवणाच्या वेळी आपल्याकडे फोन कुणी उचलत नाही हे बरोबर लक्षात ठेवलंस. आणि त्या गुरुवारी, ज्या दिवशी मामांचं पुस्तक गेलं, सर्व्हर बंद करून चालू केलास तो तू. काहीतरी सेटिंग बदललीस आणि बंद-चालू करून मोकळा झालास. सगळे जेवायला गेलेत म्हणजे आत कुणी नाही, असं वाटलं ना तुला? फोन उचलत नाहीत हे लक्षात राहिलं आणि पान सोडत नाहीत हे विसरलास? मामांच्या मांडीवर बसून खिळे उचलायला शिकलास तू!

बोलणी मी खाल्ली. सगळ्यांसमोर. तुझ्यामुळं. दोन पत्रं पाठवून तुला विचारत होते की असं कसं झालं असेल, आणि तू ती वाचून गप्प होतास. बंगळुरात लाज विकत मिळत नसेल तर इकडून पाठवून देते.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आलाय सांगू? मला वाटत होतं हे मी चालवतेय. डिस्क भरत नाही, सर्व्हर अडत नाही, तर मला जमतंय. रात्री झोपताना बरं वाटायचं. ते पण तूच करत होतास. माझं म्हणून एवढंच होतं, तेही तू घेतलंस.

पेटीची चौकशी करायला दर आठवड्याला येतोस. माणसांची करावीशी वाटली नाही? अव्वाचे गुडघे दुखतात, ते डिस्कमध्ये दिसत नाही. अप्पा रोज संध्याकाळी मला विचारतात, टपाल आलं का. कागदवाल्याचं बिल वगैरे काही नाही, ते मी तुला खोटं लिहिलं होतं. नावही काढत नाहीत हेही अर्धंच खरं. नाव काढत नाहीत, ‘त्याचं काय आलं का’ असं विचारतात.

मामांना सांगितलं की फाइल कुणामुळं गेली. वाटलं, आता हे तरी चिडतील. मामा म्हणाले, “शिवा येतुया व्हय? मग असू दे. पुस्तक काय, पुन्ना हुईल.” वर हसले. माझ्यामुळं गेली असं वाटलं तेव्हा हेच मामा माझ्याशी कित्येक दिवस बोलले नव्हते! आहे का न्याय कुठं?

अप्पांना अजून सांगितलेलं नाही. आता मी बाहेरून कुणी येत नाही असं लिहून देऊ शकत नाही. म्हणजे तुझी वाट बंद करायला लागेल. मला काहीही वाईट वाटणार नाही.

रक्षिता


१३ मार्च २००३, गुरुवार

शिवाण्णा,

हे टपालानं येणार नाही. हे पत्र मी सकाळी टाइप करून ‘सामाईक’ फोल्डरमध्ये ठेवतेय. नाव दिलंय ‘शिवाण्णा आधी हे वाच’. तू आलास की पहिलं तेच फोल्डर उघडतोस. म्हणजे तू हे वाचत असशील तर मोडेमचे दिवे लागलेत, तू आत आहेस.

गेल्या गुरुवारी आला नाहीस. माझं पत्र मिळालं असणार. त्यातला एकही शब्द मी मागं घेत नाही, सगळे तुझ्या मालकीचे आहेत. पण तू येणं थांबवशील असं मला वाटलं नव्हतं. गेल्या गुरुवारी काय झालं ते सांगते, मग कळेल.

त्याआधी सोमवारी मी अप्पांना सांगितलं. सगळं सांगितलं. फॅक्सची लाईन, मोडेम, मामांची फाइल. म्हटलं, आता ओरडतील. तर म्हणाले, “आत्ता हाय का त्यो?”

“आत्ता नाही अप्पा. गुरुवारी येतो. दुपारी.”

“दिसतो?”

“दिसत नाही. दिवे लागतात.”

“बोलतो?”

“नाही अप्पा.”

“मग कळतं कसं त्योच हाय?”

मी म्हटलं, त्याचं नाव येतं. मग मला मागच्या खोलीत घेऊन गेले, मोडेम दाखव म्हणाले. धोतराच्या सोग्यानं त्याच्यावरची धूळ पुसली.

गुरुवारी जेवायच्या वेळी अप्पा स्टूल घेऊन मोडेमसमोर बसले. भाकरी मांडीवर तशीच. मी म्हटलं, खावा की. म्हणाले, “येऊ दे.” मामा दारात येऊन उभे राहिले, जरा वेळानं गेले. फॅक्सची रिंग एकदा वाजली, अप्पा ताडकन उठले. मॅडमचा फोन होता. सुट्टी संपली, सगळे कामाला लागले, तरी ते बसून होते. मला तुझा एवढा राग आला की सांगता येत नाही. आणि माझाही आला. मी ते पत्र पाठवलं नसतं तर तू आला असतास.

उठताना अप्पा म्हणाले, “ह्ये बंद करायचं म्हणालतीस न्हवं? नको करू.”

मी म्हटलं, “अप्पा, मॅडम पुढच्या शनिवारी येणार. बाहेरून कुणी येत नाही असं लिहून द्यायचंय. ही वाट ठेवून मी सही करणार नाही. आणि सही नाही तर काम नाही. मग बाळाबाईंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा.”

 अप्पा दोन दिवस घरात बोलले नाहीत. अव्वानं विचारलं तर जेवण कडू लागतंय म्हणाले. मी हट्ट सोडला नाही. मीही तुमच्याच घरातली आहे.

काल संध्याकाळी आपण होऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “बंद कर. माणसांचं काम हाय. पण एक ऐक. त्यो आत असताना न्हाय. त्यानं त्याचं उठून जाऊ दे. त्याला तू काढायचं न्हाईस. एकदा मी काढला, तेवढं बास झालं.”

अण्णा, दोन वर्षांत अप्पांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. माझ्या हातातलं प्रूफ ओलं झालं, दुसरं काढायला लागलं.

म्हणून आज असं करतेय. रिंग वाजेल, दिवे लागतील, तू आत येशील. तू आत आल्यावर मी नवे नियम जागेवर ठेवीन. त्यात तुझं नाव नाही. आत आहेस तोवर तुला काही होणार नाही. प्रश्नपत्रिका सोडून सगळी फोल्डरं उघडतील, मामांचं पुस्तकही बघ, पूर्ण झालंय, शेवटी डॉक्टरांनी आभारात मामांचं नाव घातलंय. मी तुला तोडणार नाही, अप्पाही नाहीत. तू स्वतः फोन ठेवलास की मी मोडेमची तार काढीन. त्यानंतर या वाटेनं येता येणार नाही.

मला तू हवा आहेस. हे असं सरळ लिहायला मला चार पानं शिव्या लिहाव्या लागल्या. सर्व्हर आता मला खरंच येतो, त्याच्यासाठी नको येऊस. घरी ये. रात्रीची बस सकाळी स्टँडवर येते, तिथून लक्ष्मीपुरीत चालत येता येतं. माणसं कमी करा म्हणालास, ते चुकीचं नव्हतं, आणि नाही म्हणणारे अप्पाही चुकीचे नव्हते. भांडण पुन्हा करायचं असेल तर समोर बसून करा, मी चहा देईन. अप्पा तुला ये म्हणणार नाहीत. त्यांना तो शब्द येत नाही. पण मी त्यांना विचारलं, पत्रात काय लिहू तुमच्याकडून? त्यावर बराच विचार करून म्हणाले, “त्याला म्हणावं, किती येळ बसणार हाय?”

मी म्हटलं, तो वाचत असेल तेवढा वेळ.

आत्ता ते तुझ्यासमोर स्टूल ओढून बसले असतील आणि दिव्यांकडं बघत असतील. भाकरी मी आज त्यांना आधीच खायला लावली आहे. तुला घाई असेल तर असू दे.

सावकाश वाच.

रक्षिता